सातबाऱ्यावरून नाव निघालं, यादीतून निघेना

आज दुपारी पोस्टमन शेजारच्या काकूंकडे एक पाकीट देऊन गेला. छापील लेबल, काकाजींच्या नावाचं. आत गुळगुळीत कागदावरचं चार रंगांतलं पत्रक आणि एक पत्र: "आदरणीय महोदय, गेल्या वर्षी आपलं सहकार्य लाभलं नाही. यंदा आमची आठवण ठेवावी." काकाजींना जाऊन दोन वर्षं झाली. काकूंनी पत्र दोनदा वाचून घेतलं, चष्मा काढून ठेवला अन् म्हणाल्या, "सातबाऱ्यावरचं नाव काढाले तलाठ्याकडं तीन चकरा मारल्या. आता यायच्याकडंही अर्ज द्या लागते का?"

संस्था कोणती ते लिहीत नाही. काम चांगलं आहे त्यांचं, आणि नाव लिहिलं तर खाली कॉमेंटमध्ये भलतंच सुरू होईल. पण राजेहो, याच संस्थेचा कार्यकर्ता काकाजींच्या तेरवीच्या पंगतीत वाढत होता! म्हणजे माणसाला माहीत होतं, यादीला माहीत नव्हतं. बातमी त्याच्या डोक्यात, नंबर त्याच्या मोबाइलात, पावतीपुस्तक त्याच्या शबनममध्ये, आणि यादी तालुक्याच्या हापिसात एका लॅपटॉपवर "डोनर फायनल नवीन २" नावाच्या एक्सेलमध्ये. असल्या फायली आपल्याकडं वसतिगृहापासून वाचनालयापर्यंत सगळीकडं आहेत. तुमच्याही संस्थेत आहे, हसू नका.

आणि पत्र आलं कधी? जूनमध्ये. घरोघरी सोयाबीनच्या बॅगा अन् खताचा हिशेब चालू असताना. ज्या घरानं वर्षानुवर्षं पहिला कापूस विकला की पाचशे रुपये काढून ठेवले, त्या घराला पेरणीच्या तोंडावर "आठवण ठेवावी" म्हणून लिहिता?

आता कोणीतरी म्हणेल, सॉफ्टवेअर घ्या. घ्या ना. पण एखाद्या कंपनीचं तिच्याच मालकीचं, आतला कोड न दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं की वर्गणी थकल्याच्या दिवशी लॉगिन बंद, आणि वीस वर्षांचे देणगीदार कुलपाच्या आत. म्हणून सिव्हीसीआरएम या देणगीदार-सभासदांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आग्रह धरतो. २००५ पासून चालत आलेलं, संस्थांसाठीच लिहिलेलं, एजीपीएल या मुक्त परवान्याचं, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बसतं, आता स्वतंत्रही चालतं. डेटा मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, तुमच्या सर्व्हरवर. उद्या दुसरीकडं जायचं ठरलं तर सगळं उचलून नेता येतं, कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांना देणगीदारांपेक्षा हिशेबाचीच कटकट जास्त आहे त्यांनी मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही पाहावं, तेही मुक्त स्रोताचंच.

मात्र "फुकट आहे" म्हणून बसवणार असाल तर थांबा. दानात मिळालेल्या गाईलाही कडबा विकतच घ्यावा लागतो. होस्टिंग, डोमेन, आणि आठवड्यातून दीड-दोन दिवस बसणारा एक पगारी माणूस. पगारी म्हणतोय. एनएसएसची पोरं नोंदी छान करतात, पण परीक्षा आली की जातात, आणि जाताना पासवर्डही घेऊन जातात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, बदलांची नोंद ठेवणारं लॉगिंग सुरुवातीलाच चालू करा, आणि पुसण्याचा, नोंदी एकत्र करण्याचा अधिकार एकाच माणसाकडं ठेवा. आधार-पॅनचे रकाने सगळ्यांना दिसायचं काही कारण नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या बापाचा आधार नंबर बारावीतल्या पोराच्या फोनवर असलेला चालेल का?

खरी माती होते ती जुनी यादी आत घालताना. आपल्याकडच्या निम्म्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या. डोळ्यांना मराठी दिसते, पोटात रोमन अक्षरं. कृतिदेवातला "राम" संगणकाच्या लेखी जे-के-ई असतो. हे आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत, आणा आणि मग रांगेनं डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते. मग एक्सेलमधून फाइल "सीएसव्ही यूटीएफ-८" प्रकारातच साठवा. नुसत्या सीएसव्हीत साठवली की सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि मूळ फाइल तोवर कोणीतरी पुसलेली असते. मोबाइल नंबरांचा रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर दहा आकड्यांचं "९.८ई+०९" होऊन बसतं. तारखा एकाच पद्धतीच्या, दिवस-महिना-वर्ष, आणि आयात करताना विचारतो तिथं तोच प्रकार निवडा. नाहीतर ५ जूनची देणगी ६ मेला जाते आणि ऑडिटर तुम्हाला वेड्यात काढतो.

पहिल्यांदा दहाच ओळी घाला. दहा. सगळ्या अठराशे नाही. त्या दहा उघडून पाहा, मग पुढं. आयात होताना सगळ्यांना त्या तारखेच्या नावाच्या एका गटात टाकायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे चुकलं तर नेमकं कोणाला काढायचं ते कळतं. न घेतलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये उतरवता येतात. त्या दुरुस्त करून परत घालायच्या, "नंतर पाहू" म्हणून सोडायच्या नाहीत.

जुन्या रजिस्टरचा अनुक्रमांक "एक्स्टर्नल आयडी" या रकान्यात घाला. हा आकडा कोणत्याही दोघांचा एक असू शकत नाही, म्हणून तीच तुमची खुंटी. एकाच माणसाला एक जण "राऊत" लिहितो, दुसरा "राउत", तिसरा इंग्रजीत. यंत्राला हे तीन माणसं वाटतात, आणि तिघांना तीन पाकिटं जातात.

दुबार नावं शोधायचा नियम मात्र गावाकडं पाहून बांधावा लागतो. तिथं प्रत्येक रकान्याला वजन असतं आणि एक उंबरठा असतो, बेरीज तिथवर गेली की सॉफ्टवेअर "हे दोघं एकच" म्हणतं. शहरातला माणूस मोबाइलला १० वजन देतो, उंबरठाही १० ठेवतो आणि खूश होतो. आपल्याकडं एका घरात चौघांच्या नावापुढं पोराचाच नंबर असतो. झाला ना घोळ! सासरा, सून, नातू, सगळे एकच माणूस. म्हणून मोबाइलला ५, नावाला ५, आडनावाला २, उंबरठा १०. नाव अन् मोबाइल दोन्ही जुळले तर १०, धरा. आडनाव अन् मोबाइल जुळले तर ७, सोडा, ते नवरा-बायको असतील. नाव-आडनाव जुळून नंबर वेगळा, तरी ७ च, कारण एका गावात त्याच नावाचे तिघं निघतात. एकत्र केलेल्या नोंदी परत सुट्या करायचं बटण नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा.

गावाच्या नावाचंही तसंच. नुसतं वडगाव, बोरगाव, पिंपळगाव लिहून भागत नाही, आपल्या जिल्ह्यातच किती सापडतील मोजा. तालुक्यासाठी वेगळा रकाना बनवा आणि त्यात यादीतून निवडायची सोय ठेवा, टाइप करायची नको. पिनकोड घ्याच. आणि घर ही वेगळी नोंद असते तिथं, "हाउसहोल्ड". माणसं घराला जोडली की एका घरी एकच पत्रिका पाठवता येते.

हे सगळं काकूंच्या त्या पाकिटाला धरूनच लिहितोय. प्रत्येकाच्या नोंदीत "मृत" अशी साधी खूण असते, तारखेसह. ती केली की ईमेल पाठवताना ते नाव आपोआप गळतं. पाकिटांच्या लेबलांसाठी "मृत नको" ही अट घालून एकदा स्मार्ट ग्रुप बांधला की यादी दर वेळी स्वतःच ताजी होते. एक टिचकी! तेरवीच्या जेवणावरून परत आल्यावर त्या भल्या माणसानं हापिसात एवढं सांगायचं होतं. पण सांगायचं कोणाला, हेच कोणी ठरवलेलं नसेल, तर त्याला तरी काय बोलणार. त्याच्या वाट्याला चाळीस गावं, एक मोटारसायकल, आणि पेट्रोलचे पैसे तीन महिन्यांनी.

थोडं चुकलंच माझं. वर त्याच्यावर फार घसरलो.

पण कार्यकारिणीवर घसरतो, आणि तिथं माघार घेणार नाही. पावतीपुस्तकं आठ जणांकडं आणि परत किती आली याचा पत्ता नाही, ही कार्यकारिणीची चूक. सिव्हीसीआरएममध्ये बॅच नोंदणी आहे. एक पावतीपुस्तक म्हणजे एक बॅच. सुरुवातीलाच लिहायचं, पावत्या ५०, एकूण रक्कम इतकी. नोंदी करून झाल्यावर बेरीज जुळली नाही तर सॉफ्टवेअर तिथंच बोंबलतं. पावती क्रमांकासाठी वेगळा रकाना करा, रद्द पावतीसुद्धा रद्द म्हणून चढवा. मेळघाटात किंवा भामरागडकडं गावात नेटवर्क शोधत बसू नका. कागदी पावती फाडा, शनिवारी तालुक्याला आल्यावर बॅच भरा. ज्वारी-तुरीची पोती आली तर ती देणगीच्या रकमेत मिसळू नका. वस्तूंना ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत नाहीच. "वस्तुदान" नावाचा वेगळा नोंदप्रकार बनवून त्यात किलो लिहा. रोख दोन हजारांच्या वर घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्याला तोंडपाठ हवं.

८०जी असलेल्या संस्थांना आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून १०बीडी हा देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म आयकर खात्याकडं भरावा लागतो, ३१ मेच्या आत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यात प्रत्येकाचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम, रोख की बँकेतून, सगळं येतं. हे रकाने वर्षभर पावतीसोबतच भरले असतील तर मेमध्ये एक रिपोर्ट काढायचा आणि सीएकडं द्यायचा. नाहीतर दर मे महिन्यात हापिसात जे रणकंदन होतं ते तुम्हाला माहीत आहे, "भाऊ, तुमचा पॅन नंबर सांगता का" म्हणत सकाळपासून फोन.

व्हॉट्सॲप आहे की, असं म्हणणारे भेटतातच. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच निरोप जातो. काकूंनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, लिहून देतो. घाऊक एसएमएस पाठवायचा तर डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) अन् मजकूर नोंदवावा लागतो. आपल्याकडं चालतो तो फोन आणि घरची भेट. फोन केला, घरी गेलो, याच्याही नोंदी होतात, एकेका ओळीच्या. पुढचा फोन कधी तेही लिहून ठेवता येतं. तिथं "दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर" असं लिहा, म्हणजे जूनमध्ये पत्रं जायची नाहीत.

बरं, शंभर-दीडशे देणगीदार असतील तर एक नीट एक्सेल अन् एक इमानदार माणूस पुरतो, मान्य. पडदा बराचसा इंग्रजीच राहतो, हेही मान्य. पण त्यातले शब्द बदलायची सोय आहे, "काँट्रिब्युशन"च्या जागी "देणगी" करून टाका. मोठ्या कंपन्या संस्थांना काही लॉगिन फुकट देतात हेही ठाऊक आहे. देतात, देतात तोवर.

अजून दोन खोड्या सांगतो, नाहीतर पंधरा दिवसांत "तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही" म्हणून मलाच फोन येतील. सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा गजर, लावला नाही तर ठरलेली कामं होतच नाहीत, ईमेल रांगेत पडून राहतात आणि पडदा म्हणतो सगळं ठीक. होस्टिंगवाल्याची तासाला किती ईमेलची मर्यादा आहे ते विचारून त्याच्या आतला आकडा भरा, डोमेनला एसपीएफ अन् डीकेआयएम, म्हणजे ईमेल खरंच तुमचं असल्याच्या खुणा, लावा, नाहीतर जीमेल दारातूनच परत पाठवतं. आणि बॅकअप घेताना नुसता डेटाबेस घेऊ नका. अपलोड झालेल्या फायली आणि सेटिंगची फाइलही घ्या, तिच्यात किल्ल्या असतात. आठवड्याला एक प्रत हापिसाबाहेर. वर्षातून एकदा तरी ती दुसरीकडं उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

हे टाइप करत होतो तर काकू परत आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, आत सातबारा, राशनकार्ड, अन् एक पावती. गेल्या वर्षीची, डिसेंबरातली. पाचशे रुपये. नावाच्या जागी "कै." लिहून काकाजींचं नाव. म्हणजे काकूंनी गेल्या वर्षीही दिले होते, त्याच कार्यकर्त्याच्या हाती, नवऱ्याच्या आठवणीत. आणि पत्र म्हणतं, आपलं सहकार्य लाभलं नाही. ती पावती कुठल्यातरी न आलेल्या पुस्तकात असेल, किंवा "कै." मुळं नवा माणूस म्हणून चढली असेल. मगाशी जेवढा चिडलो होतो तेवढा आता नाही, नुसतं वाईट वाटतंय.

कोणी त्या संस्थेचं वाचत असेल तर पावतीचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवतो. काकाजींच्या नोंदीवर मृतची खूण करा. काकूंच्या नावानं स्वतंत्र नोंद उघडा, दोघांना एका घराला जोडा. पाचशे रुपये काकूंच्या नावावर चढवा आणि त्याच देणगीला काकाजींच्या नावाचं सॉफ्ट क्रेडिट, म्हणजे पैसे न मोजता नुसती नावाची जोड, द्या, प्रकार "स्मरणार्थ". तो प्रकार त्यात तयारच असतो. मग कोणीतरी घरी या. पत्र नको.

काकूंना विचारलं, यंदा देणार का. म्हणाल्या, "पाहू बाप्पा, पानी तं येऊ दे आंधी."