सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे

मुलीच्या सॉफ्टबॉलच्या स्विंगमध्ये, म्हणजे बॅट फिरवण्यात, सरांनी एकच चूक सांगितली होती. बाकीच्या अकरा मी शोधल्या.

"हात लांब फेकतेय," एवढंच सर म्हणाले. म्हणजे गळ टाकावा तसे हात आधीच अंगापासून दूर जातात, बॅटला मोठा फेरा पडतो आणि ती पोचेपर्यंत बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असतो. आधी कंबर वळायला हवी, हात तिच्यामागून, अंगालगत. मी मान डोलावली. गल्ली क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर उरलेला वेळ इतरांना सल्ले देण्यात घालवलेला माणूस मी. यात काय एवढं!

त्याच संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. सरावासाठी बॉल ठेवायला टी, म्हणजे कमरेएवढा उभा दांडा हवा होता, म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा कुंडीत रोवला आणि वर रबरी पाइपचा तुकडा बसवला. बायकोनं जाब विचारला, तेव्हा मी म्हणालो, "अगं, सॉफ्टबॉलचा जन्मच मुळी १८८७ साली शिकागोत झाडूच्या दांड्यानं झाला."

"मग त्यांची फरशी कोणी पुसली?"

इतिहास याबाबत गप्प आहे.

"डावा कोपर वर, बॅट सरळ," माझी पहिली सूचना. "बाबा, हे क्रिकेट नाहीये," ती म्हणाली. नव्हतंच. तिकडे खेळपट्टी ६६ फुटांची, बॉल टप्पा घेऊन येणार, आणि हातात चांगली रुंद फळी. इथे पिचर ४३ फुटांवर, हात खालून गरकन फिरवून टाकणार, टप्प्याची भानगड नाही, आणि आपल्या हातात सव्वादोन इंच जाडीचं लांबलचक लाटणं. ताशी १०० किलोमीटरनं सुटलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या पुढ्यात हजर.

त्या अर्ध्या सेकंदाची मी रोज रात्री जेवणानंतर दीड तास चिकित्सा करू लागलो. माझ्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन आहे, हा शोध मला नुकताच लागला होता. सतराव्या चित्रात मागचा खांदा पडतो. एकतिसाव्यात पुढचा पाय पिचरकडे जायचा सोडून थर्ड बेसकडे पळतो. चव्वेचाळिसाव्यात डोळे बॉलवर नाहीत, आभाळात आहेत. पाऊस कधी येतो हे बघत असावी. हे सगळं मी तिला रोज ओळीनं सांगायचो, आणि तीही बिचारी बॅट उचलण्याआधी ओठांतल्या ओठांत पुटपुटायची: खांदा, पाय, डोळे, कंबर, हात... चौथ्या दिवशी ती टीवर निवांत बसलेला, अजिबात न हलणारा बॉल चुकवू लागली. दांडा मात्र अचूक लागायचा. दोन मोडले.

सरांनी खरं तर एक सोपा व्यायाम दिला होता. बॅटची मूठ पोटाला आणि टोक भिंतीला टेकेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि स्विंग करायचा. हात लांब गेले की बॅट भिंतीला घासते. तिची जेमतेम एकदा घासली. "आता तू करून दाखव," म्हणाली.

गच्चीच्या कठड्याला सोसायटीनं नुकताच रंग दिला होता. आता तिथे माझ्या स्विंगचा आलेख आहे. चेअरमन गच्चीवर आले की आधी तो बघतात, मग मला.

रविवारी मैदानावर सराव सामना होता. मी कुंपणाला फोन टेकवून सज्ज. ती प्लेटवर उभी राहिली आणि नेमकी फोनवर पाटी आली: जागा शिल्लक नाही. ३१२ व्हिडिओ, सगळे हुकलेल्या बॉलचे. मान खाली घालून भराभर पुसायला लागलो.

टण्ण!

मान वर केली, तर मैदानावरचं प्रत्येक डोकं सेंटर फील्डच्या पलीकडे वळलेलं, आणि ही सेकंड बेस ओलांडून पळतेय. आली ती धापा टाकत, गुडघ्यापर्यंत लाल माती.

"बाबा, कसा होता?"

"छान होता," मी म्हणालो. "फक्त मागचा खांदा जरा पडला."