बेसिक इन्कमची चाचणी घ्यायची तर अख्ख्या गावात घ्या

‘फिनलंडमध्ये करून पाहिलं, जमलं नाही.’ बेसिक इन्कमचा, म्हणजे कामाची अट न घालता सगळ्यांना नियमित ठरावीक रक्कम देण्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि मला ते मुळीच पटत नाही. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले. नोकरी लागली तरी पैसे चालू. रोजगार किंचित वाढला, लोकांचा ताण बराच कमी झाला. माहिती मोलाचीच आहे. पण घेणारे सगळे बेरोजगार, देशभर विखुरलेले, शेजाऱ्याला छदामही नाही. ही सर्वांसाठीच्या उत्पन्नाची चाचणी कशी म्हणायची?

एकट्याला पैसे मिळाले की तो आपल्यापुरतं बघतो. सगळ्यांना मिळाले की मजुरीचे दर, दुकानातले भाव, सावकाराची पकड, सगळंच हलू शकतं. ते बघायचं तर गावच्या गाव घ्यावं लागतं.

केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेने नेमकं हेच केलं. काही गावांत प्रत्येक प्रौढाला रोजचा साधारण पाऊण डॉलर, १२ वर्षांसाठी. काही गावांत तेवढाच, पण दोनच वर्षं. काहींना एकरकमी. आणि १०० गावांना काहीच नाही, तुलनेसाठी. दोनेक वर्षांनी पाहिलं, तेव्हा १२ वर्षंवाल्यांच्या आणि दोन वर्षंवाल्यांच्या हातात तोवर सारखेच पैसे पडले होते. तरी धंदे जास्त काढले ते १२ वर्षंवाल्यांनी. पैसे पुढेही येणार याची खात्री असल्याने ते भिशी लावून मोठी रक्कम उभी करत होते. आळशी तर कुणीच झालं नाही. मजुरी कमी करून लोक स्वतःच्या धंद्याकडे वळले. म्हणजे दोन वर्षांची चाचणी घेऊन कायमच्या योजनेवर निकाल देणं चूकच.

आपल्याकडेही मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने आठ गावांत सरसकट सगळ्यांना पैसे दिले होते, मुलांचे आईच्या हाती. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. यातल्या प्रत्येक प्रयोगात पैसा घेणाऱ्यांकडून नव्हे, बाहेरून आला. तो करातून उभा करायचा झाला तर देणारे कसे वागतील, हे अशा चाचणीतून कळत नाही. त्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागेल.

आणि पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. कॅनडात ओंटारिओने २०१७ मध्ये तीन वर्षांचा प्रयोग सुरू केला, २०१८ मध्ये सरकार बदललं आणि तो मध्येच गुंडाळला गेला. त्या भरवशावर कुणी शिक्षणाला प्रवेश घेतलेला असतो, कुणी घर बदललेलं असतं. पूर्ण मुदतीची रक्कम स्वतंत्र ट्रस्टमध्ये जमा झाल्याशिवाय सहभागासाठी एकाही माणसाची सही घेऊ नये.