पती / वडिलांचे नाव

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी बर्लिनच्या ट्राममध्ये वाचते. घर घोडबंदर रोडला, आई तिथे एकटी, त्यामुळे ग्रुपमधून बाहेर पडता येत नाही. विषय ठरलेले: टँकर, बंद पडलेली लिफ्ट, कबुतरं. गेलं वर्षभर त्यात एक भर पडली आहे. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला एका नटावर घरात घुसून चाकूहल्ला झाला. आरोपीला पोलिसांनी ठाण्यात, आमच्याच बाजूच्या एका मजूर वस्तीजवळून पकडलं आणि तो बांगलादेशी असल्याचं सांगितलं. तेव्हापासून धुणीभांडी करायला येणाऱ्या बंगाली बोलणाऱ्या बायकांना गेटमधून आत सोडायचं की नाही, यावर ग्रुपवर लढाई चालू आहे. मुर्शिदाबाद भारतात आहे हे दर महिन्याला कुणीतरी सांगतं आणि दर महिन्याला कुणीतरी नव्यानं चकित होतं.

मध्यंतरी एका काकांनी मलाच साक्षीला बोलावलं. "जर्मनीवाल्या ताई सांगतील, तिकडे कागद नसला तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवतात." खाली आठ-दहा अंगठे. मी तेव्हा गप्प बसले. आईला त्याच लिफ्टनं खाली-वर करायचं असतं.

आता उत्तर देते. काका, दुसऱ्या दिवशी नाही बसवत. पण तुमचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कागद आहे की नाही, एवढ्यावर बाईचं भागत नाही. कागद कुणाच्या जिवावर आहे, हे आधी विचारायला हवं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०१४ मध्ये मी इथे आले ती नवऱ्याच्या मागोमाग. त्याचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा युरोपातला परवाना, होतं, म्हणून मला भाषेची परीक्षा द्यावी लागली नाही आणि पहिल्या दिवसापासून कामाची परवानगीही मिळाली. परक्या देशातल्या बायकोला याहून सुखाचा दरवाजा क्वचितच मिळत असेल. तरीही एका सरकारी टेबलापुढे आम्ही दोघं बसलो असताना समोरच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, "यांना नोकरी करायची आहे का?" मी हातभर अंतरावर. ठाण्यातून एमएस्सी केलेली, पाच वर्षं नोकरी झालेली. नवरा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "काय सांगू?" आम्ही दोघं हसलो. रात्री मात्र मला हसू आलं नाही.

माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड आलं, त्यावर तिथल्या परकीयांच्या कायद्याचं कलम ३०. म्हणजे ही इथे आहे, कारण ही याची बायको आहे. पुढचं कलम ३१. लग्न मोडलं तरी बाईला स्वतःच्या हक्कानं राहता येतं, पण संसार जर्मनीत तीन वर्षं झालेला हवा. २०११ पर्यंत ही मुदत दोन वर्षं होती. खोटी लग्नं रोखायची म्हणून ती वाढवली. मारहाण होत असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते, पण तसं दाखवावं लागतं: पोलीस, डॉक्टर, निवारागृह यांपैकी कुणाचा तरी कागद.

इथल्या एका गणपतीत मोदक वळताना शेजारची मुलगी मला हळूच म्हणाली, "अडीच वर्षं झालीत ताई, आता सहा महिने काढते." मनगटावर बांगड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. मी विचारलं, तक्रार? तर म्हणाली, "त्याची नोकरी गेली तर माझाच व्हिसा जाईल ना." तिनं ते सहा महिने काढले. आज ती दुसऱ्या शहरात आहे, बरी आहे. पण कायदा पाळणारा देश, कागद चोख, सगळं रीतसर, आणि एक सुशिक्षित मराठी मुलगी कॅलेंडरवर दिवस खोडते आहे, हे मी पाहिलं. बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल कराराला जर्मनी बांधील झाली ती २०१८ पासून. पण परदेशी बायकांच्या राहण्याच्या परवान्याविषयीच्या ५९ व्या कलमातल्या काही भागांवर तिनं राखीव मत नोंदवलं होतं, ते २०२३ मध्ये सुटलं. असा करार मान्य करताना नेमक्या परक्या बायका तेवढ्या बाजूला ठेवल्या होत्या.

आमच्या इथल्या मराठी मंडळींचं एक लाडकं वाक्य आहे: "आपण कायदेशीर आलोय, ते निर्वासित." दोन पाट वेगवेगळे मांडलेत, आपला मानाचा. मीही काही वर्षं त्या पाटावर बसले. मग एका ग्रंथालयात भाषेच्या वर्गात निर्वासित बायका भेटल्या. बर्लिनला वेढून असलेल्या ब्रांडेनबुर्ग राज्यात २००२ मध्ये निर्वासित बायकांनीच 'विमेन इन एक्झाइल' ही संघटना काढली, तिच्याबद्दल तिथे कळलं. त्यांची मागणी एका ओळीची: बायकांना छावणीत ठेवू नका. गावाबाहेरची जुनी इमारत, सामायिक न्हाणीघर, दाराला धड कडी नाही, आणि रात्री संडासला जाताना बरोबर कुणाला तरी उठवायचं. आपल्याकडच्या चाळीत किंवा वस्तीत वाढलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्या काळी आश्रय मागणाऱ्याला ठरवून दिलेला जिल्हा ओलांडायचीही बंदी होती. २०१२ मध्ये वुर्झबुर्गहून सुमारे ६०० किलोमीटर चालत निर्वासितांचा मोर्चा बर्लिनला आला, तो ही बंदी पायाखाली घालत. क्रॉइत्सबेर्गच्या ओरानियन चौकात तंबू पडले, ते एप्रिल २०१४ पर्यंत होते. जवळच्या एका रिकाम्या शाळेचा ताबा घेतला गेला, आणि त्या शाळेत बायकांनी एक मजला स्वतःसाठी वेगळा काढला. चळवळ तीच, शत्रू तोच, तरी मजला वेगळा लागला! मला त्या सगळ्या लढ्यातली हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. आपल्या मोर्च्यांत झेंडा कोण धरतं आणि पोहे कोण करतं, ते आठवून बघा.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. निर्वासितांना रोख पैशांऐवजी कार्ड देण्याचा कायदा २०२४ मध्ये आला, आणि बऱ्याच राज्यांत महिन्याला ५० युरोच रोख काढता येतात. दुय्यम संरक्षण (निर्वासिताचा पूर्ण दर्जा नाही, पण मायदेशी धोका म्हणून राहू दिलेले) मिळालेल्यांना बायकामुलं बोलावण्यावर जुलै २०२५ पासून दोन वर्षांची बंदी आहे. नवरा आधी निघतो, बायको मुलांना घेऊन मागे राहते. त्यामुळे बंदीचा भार कुणावर पडतो ते उघड आहे. पण दोन गोष्टी मला इथल्या घ्याव्याशा वाटतात. आश्रयाच्या मुलाखतीला बाई अधिकारी आणि बाई दुभाषी मागता येते. आणि मार खाणाऱ्या बाईसाठी २०१३ पासून चोवीस तास चालणारा फोन आहे, तो १८ भाषांत बोलतो. मराठी त्यात नाही, पण गणपतीतल्या त्या मुलीला इंग्रजी येत होतं. तिला तो नंबर माहीत नव्हता, आणि मलाही नव्हता.

आता ठाण्याकडे येते. 'निर्वासित' हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आणून ठेवली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. माझी आजी शेवटपर्यंत 'कॅम्पातून कापड आणलं' असंच म्हणायची. तिथल्या बायकांनी पापड लाटून घरं उभी केली हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच १९४९ साली देशानं पळवून नेलेल्या बायकांना परत मिळवण्याचा कायदा केला, आणि त्यात त्या बाईला 'मला जायचं नाही' म्हणायची सोय नव्हती. ती कोणाची, हे न्यायाधिकरण ठरवणार. हजारो बायका दोन्ही बाजूंनी अशा पोचत्या केल्या गेल्या. काहींचा तर इकडे संसार झाला होता, कडेवर मूल होतं. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, आणि स्वतंत्र कायदाही नाही. आजचा परकीयांचा कायदा २०२५ चा आहे, पण त्यातही परका नाही हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय त्याच्यावरच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये मी महिनाभर आईकडे होते. आईकडे दोघी येतात. पोळ्यांच्या मावशी जिंतूरकडच्या, लोकमान्यनगरला राहतात. दुष्काळात नवऱ्याबरोबर आल्या, नवरा बारा वर्षांपूर्वी निघून गेला तो गेलाच. भांडी घासायला येते ती मुर्शिदाबादची, सुरतेत आणि मग इथे बांधकामावर काम केलेली. ग्रुपच्या हिशेबात एक 'आपली', दुसरी 'बाहेरची'. सोसायटीनं नवा फॉर्म काढला तेव्हा दुसरीनं कागद दाखवायला आणले. साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी, तिला रबर. आधार, मतदार ओळखपत्र, मुलीचा शाळेचा दाखला, आणि सासऱ्याच्या जमिनीच्या कागदाची इतकी जुनी झेरॉक्स की अक्षरं राखाडी झालेली. "दीदी, सब असली है," ती म्हणाली, मी काही विचारलंच नव्हतं. आधारवर एक नाव, मतदार कार्डावर त्याचं दुसरं स्पेलिंग, माहेरचं नाव कुठेच नाही. लग्नात बाईचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि मग पन्नाशीला तिला विचारतात, तू मुळची कोण?

त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत कचरा वेचून राहणाऱ्या, पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला मुलासकट बांगलादेशात ढकललं गेलं. कलकत्ता उच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये परत आणा म्हटलं. ती परत आली डिसेंबरात, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. आईकडच्या त्या बाईला हे सगळं तारखांसकट पाठ होतं.

आणि 'आपल्या' मावशी? त्यांना लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबरपासून ई-केवायसी आली आणि तिथे नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. वडील आधार कार्ड निघण्याआधीच गेले. विधवेला मृत्यूचा दाखला दाखवता येतो, घटस्फोट झालेलीकडे कोर्टाचा कागद असतो. टाकून दिलेल्या बाईकडे टाकल्याचा कागद कुठून येणार? याच योजनेत परराज्यात जन्मून महाराष्ट्रातल्या माणसाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याचे दाखले चालतात. सोय म्हणून ठीक, पण मला माझं कलम ३० आठवलं. बर्लिन काय, मंत्रालय काय.

माझं म्हणणं एवढंच: तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. राज्याला ते करावंच लागतं आणि मीही दर काही वर्षांनी इथे बोटांचे ठसे देऊन आले आहे. पण मला नोटीस मिळाली असती, मुदत मिळाली असती, वकील करता आला असता. गेटवरच्या वॉचमनला आणि सेक्रेटरीला नागरिकत्व ठरवायला बसवू नका. आणि बाईचा प्रत्येक हक्क कुणा पुरुषाच्या क्रमांकाला टाचायची सवय सोडा, मग ती बाई जिंतूरची असो, मुर्शिदाबादची असो नाहीतर हातात जर्मन कार्ड असलेली ठाण्याची.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. फॉर्म आता अ‍ॅपवर भरायचा होता. चौथा रकाना: पती / वडिलांचे नाव व आधार क्रमांक. मावशी म्हणाल्या, मोकळा सोडा. मुर्शिदाबादवालीचा नवरा गेल्या पावसात वारला, तीही म्हणाली, मोकळा सोडा. अ‍ॅप मोकळा सोडू देईना. वॉचमन जौनपूरचा आहे. त्यानं थोडा विचार केला आणि दोघींच्याही रकान्यात एक-एक टिंब टाकलं. अ‍ॅपनं ते घेतलं. दोघींचे पास आलेत, आई म्हणाली, मार्चपर्यंतचे.