‘एका मुलीसाठी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

ज्यू विद्यार्थ्यांच्या सणांची शाळेने आधीच दखल घ्यावी, या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी तीस वर्षं मुख्याध्यापक होतो, माझ्या शाळेत सगळी मुलं सारखी, धर्म गेटच्या बाहेर. नाशकात ज्यू आहेतच कुठे? एका मुलीसाठी वेळापत्रक का फिरवायचं, आणि तिच्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका कोण काढणार?

वेळापत्रक फिरवा असं मी लिहिलेलं नाही. पण धर्म गेटच्या बाहेर राहतो, हे मात्र मला पटत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, त्या दिवशी चाचणी ठेवायचं आपल्या मनातसुद्धा येत नाही. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ सगळं शाळेच्या कॅलेंडरमध्ये छापलेलंच असतं. त्या मुलांना काही मागावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या ज्यू मुलीला मात्र दर वेळी मागावं लागतं.

मूळ लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण चूक माझीच होती. मी सहावीची वर्गशिक्षिका होते. माझ्या वर्गातल्या या मुलीची आई रजेच्या चिठ्ठीत दर वेळी ‘घरगुती कारणामुळे’ एवढंच लिहायची आणि मी सही करून मोकळी व्हायची. त्या वर्षी सहामाहीच्या एका पेपरला ती आली नाही. मी ‘गैरहजर’ लिहून शून्य गुण दिले. निकालाच्या दिवशी आई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, दारफाळणीचा सण होता. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला गेलो होतो, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळी.”

‘दारफाळणी’ हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांमधलं हे जुनं मराठी नाव. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत मोठी माणसं अन्नपाणी घेत नाहीत, दिवस प्रार्थनेत जातो. मी विचारलं, मग चिठ्ठीत तसं का नाही लिहिलंत? त्या म्हणाल्या, “लिहिलं की प्रश्न येतात. आणि ते मला नाही, हिला विचारतात.”

तुमच्या ‘आहेतच कुठे’ला माझं उत्तर या वाक्यात आहे. नाशकात मला ठाऊक असलेली घरं दोन-तीनच, हे खरं. पण ही माणसं बाहेरची नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. सण नव्याचा, खिरीचा. घरात बोलतात ती आपलीच मराठी. राज्य सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी हायस्कूल झाली, आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

करायचं तरी फार काय आहे? ज्यू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना असतो, 19 वर्षांत 7 वेळा, त्यामुळे सणांच्या तारखा कित्येक वर्षं आधी काढता येतात. मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्या सहामाहीच्या आसपास. वल्हांडण (पासओव्हर) हा सण मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिकच्या तोंडावर. जूनमध्येच पालकांना तारखा विचारल्या की काम झालं. शनिवारची सकाळची शाळा, सहलीतलं जेवण, वल्हांडणाच्या आठवड्यात पाव-बिस्किट न चालणं, हे सगळं त्याच बैठकीत बोलून होतं. प्रार्थना-पूजेचं तर राज्यघटनेच्या कलम 28(3) मध्येच आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि मी चुकले. अशा मुलीने परिपाठात उभं राहून आपल्या सणाची माहिती सांगावी, असं मी सुचवलं होतं. त्याने ती सगळ्यांत वेगळी पडेल, असं तुम्ही लिहिलंत. पडेलच. गाझाच्या बातम्या सुरू होत्या तेव्हा वर्गातल्या दोघा मुलांनी हिला विचारलं होतं, “तुम्ही कुणाच्या बाजूचे?” ती गोंधळून म्हणाली, “आमचं गाव अलिबागकडे आहे.” अकरा वर्षांच्या पोरीला एका देशाचा जाब द्यावा लागतो आणि बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या असतात, हे मला अजून सलतं. तेव्हाच वळून बोलायला हवं होतं मी. परिपाठाची सूचना मी मागे घेते. सणाची माहिती द्यायची तर ती शिक्षकांनी द्यावी, आणि तीही आधी घरच्यांना विचारून.

राहिला प्रश्न वेगळी प्रश्नपत्रिका कोण काढणार याचा. निकालानंतर मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि एका रविवारी दुपारी ती काढली. तासभर लागला. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर स्टाफरूममधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तिने ती सोडवली.