नकाशा नवा, यादी जुनी

रिडेव्हलपमेंटच्या सभेसाठी जुने कागद हवे होते, म्हणून सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं. आत साठच्या दशकातला मूळ नकाशा निघाला, घड्यांवर फाटलेला. तरी बघत राहावं असा. सपाट गच्ची, खिडक्यांवर काँक्रीटचे लांब छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, पुढच्या खिडकीसमोर मागची खिडकी म्हणजे वारा आरपार. कमान नाही, कोरीव काम नाही. दांडियाबाजारच्या वाड्यातून इथे आलेल्या माझ्या आजीला हे घर पहिली दोन वर्षं दवाखान्यासारखं वाटायचं म्हणे.

काळच तसा होता. पॅरिसला नामवंत वास्तुविशारद कॉर्बुझिएकडे काम करून आलेले बाळकृष्ण दोशी अहमदाबादेत स्थिरावले होते आणि त्याच दशकात आपल्या बडोद्याजवळ त्यांनी जीएसएफसी या खत कंपनीची टाउनशिप आखली. ती वास्तुकलेच्या पुस्तकांत गेली. आमचा नकाशा काढणाऱ्याची कोपऱ्यात नुसती सही आहे, तीही लागत नाही.

सहकार मात्र बडोद्याला कुणी शिकवावा लागला नाही. 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे अन्योन्य सहकारी मंडळी काढली तेव्हा देशात सहकाराचा कायदासुद्धा नव्हता. तो आला 1904 मध्ये, तोही पतपेढ्यांपुरता. 1912 च्या कायद्याने घरबांधणीला वाट मिळाली आणि 1915 ला मुंबईत, गावदेवीला, सारस्वतांची सोसायटी उभी राहिली. सारस्वतांची. मी अडखळते ती इथे.

कारण त्याच कपाटात आमच्या पहिल्या सभासदांची यादी होती. चोवीस नावं. वाचताना वाटलं, घरच्या मुंजीची आमंत्रणयादी हातात आलीय.

याला एक खरं कारण होतं, ते नाकारत नाही. कर्ज सगळ्यांच्या नावावर, एकाने हप्ता थकवला तर भार बाकीच्यांवर. मग माणूस ओळखीचाच शोधतो. पण कर्ज फिटूनही जमाना झाला. नव्वदच्या दशकात एका प्राध्यापकांना इथला फ्लॅट घ्यायचा होता. मुसलमान होते. कमिटीने 'ना हरकत' दिली नाही, कारणही लिहिलं नाही. कमिटीत माझे आजोबा होते. दिवाळीत फराळाची ताटं घरोघर पोचवणारे, कुणाच्याही आजारपणात रात्र जागणारे.

नेमकं याच्या उलट अमेरिकेत घडलं होतं. महायुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसजवळ रेसीडा इथे एका सहकारी संस्थेने वास्तुविशारद ग्रेगरी एन यांच्याकडून 280 घरांची वसाहत आखून घेतली. सभासदांत गोरे होते तसे काळेही. सरकारी गृहकर्ज-विमा खात्याने अट घातली: काळ्यांना घर विकणार नाही असं खरेदीखतात लिहा, तरच हमी देऊ. सभासदांनी लिहिलं नाही. योजना 1949 मध्ये गुंडाळावी लागली. तिथे भिंत सरकारला हवी होती. आमच्याकडे सरकारने ती मागितली नव्हती, आम्हीच हौसेने बांधली. पुढे 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. म्हणजे कायद्याने आमचं काही चुकलेलं नाही. म्हणून तर जास्त लागतं.

इमारत पाडायला माझा विरोध नाही. छज्ज्यांतल्या सळया गंजून बाहेर आल्यात, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या लावतात. नव्या नकाशात लिफ्ट आहे, प्रत्येकी दोन गाड्यांची जागा आहे, योगाचा हॉल आहे. आणि सभेच्या पत्रिकेत शेवटून दुसरा विषय: 'सध्याचे पोटनियम कायम ठेवणे.' एवढीच ओळ.

मी त्यावर लेखी हरकत दिलीय. मंत्रीकाकांनी (आमच्या गुजरातेत सोसायटीच्या सेक्रेटरीला मंत्रीच म्हणतात) ती उभ्याउभ्या वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "अगं, आधी पार्किंगचं मिटू दे."