बेन जॉन्सनने म्हणे अभिनय केलाच नाही!

जुन्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांच्या सिनेमांच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सोबत टोपीतला, गालातल्या गालात हसणारा अमेरिकन नट बेन जॉन्सन. मजकूर साधारण असा: हा रोडिओचा, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या स्पर्धांचा, जगज्जेता, हॉलिवूडने त्याला मैदानातून उचललं, एका रात्रीत स्टार केलं. अभिनय त्याला कधी आलाच नाही, कॅमेऱ्यासमोर तो नुसता स्वतःसारखा उभा राहिला आणि ऑस्कर घेऊन गेला.

वाचायला झकास आहे. फक्त खरं नाही.

पहिली गोष्ट, क्रमच उलटा आहे. जॉन्सन 1918 साली ओक्लाहोमातल्या फोरेकरला जन्मला. वडील ओसेज काउंटीतले नावाजलेले रोडिओपटू, त्यामुळे घोडा आणि दोर लहानपणापासून हातात. पण हॉलिवूडला तो पोचला तो घोडे घेऊन. निर्माता हॉवर्ड ह्यूजने 'द आउटलॉ' या सिनेमासाठी घोडे विकत घेतले होते, ते पोचवायला हा 1940 च्या सुमारास गेला आणि तिकडेच राहिला. रँचवर, म्हणजे गुराढोरांच्या मळ्यावर, दिवसाला एक डॉलर मिळायचा आणि सिनेमातला पहिला चेक 300 डॉलरचा होता, असं तो सांगायचा. परत कोण जाईल? जगज्जेतेपद मात्र 1953 चं. तोवर दिग्दर्शक जॉन फोर्डच्या सिनेमांतून त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा झाला होता. म्हणजे हॉलिवूडने जगज्जेता उचलला नाही. पडद्यावरचा नट शूटिंग सोडून जगज्जेता व्हायला गेला.

आता 'एका रात्रीत'. ही रात्र आठेक वर्षांची होती. तेवढा काळ तो घोडे सांभाळत होता आणि मोठ्या नटांच्या जागी पडत-झडत होता. 1948 च्या 'फोर्ट अपाची'च्या शूटिंगमध्ये घोडे उधळले, गाडीत तीन माणसं होती. जॉन्सनने घोडा पुढे घालून ती गाडी थांबवली. फोर्डने लक्षात ठेवलं आणि पुढे त्याच्याशी करार केला. इथवर मजकूरवाल्यांना आवडेल अशीच गोष्ट आहे. पण पुढचं ते सांगत नाहीत. 1950 च्या 'रिओ ग्रांदे'च्या वेळी दोघांचं बिनसलं, जॉन्सनने ऐकून घेतलं नाही आणि त्यानंतर थेट 1964 पर्यंत फोर्डने त्याला सिनेमात घेतलं नाही. याच सिनेमात तो दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून, उभ्याने, भरधाव जातो. नुसत्या नशिबावर हे कोणी करून दाखवावं!

रोडिओबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे रोडिओ म्हटलं की उधळलेल्या वळूवर लटकलेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. जॉन्सनचा प्रकार वेगळा: टीम रोपिंग. दोन घोडेस्वार, पुढे पळणारा एक गोऱ्हा. एकाने शिंगांवर फास टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांवर, तेही काही सेकंदांत. यात धाडसापेक्षा अंदाज लागतो: जोडीदाराचा, दोन्ही घोड्यांचा, जनावराच्या पुढच्या वळणाचा. रँचवरचं रोजचं काम ते हेच. आणि मिळकत? वर्षाअखेरीस हातात जगज्जेतेपद, पण गाठीला तीन डॉलरसुद्धा नाहीत; उरली ती एक खिळखिळी मोटार आणि चिडलेली बायको, हा त्याचा आवडता किस्सा. तो सिनेमात परतला यामागे हे साधं गणित होतं.

राहिला मुख्य आरोप, 'तो स्वतःच होता'. खरं सांगायचं तर ही वावडी त्याने स्वतःच उठवली. गावातला प्रत्येक जण माझ्यापेक्षा चांगला नट आहे, पण बेन जॉन्सन कुणालाच वठवता येत नाही, अशा अर्थाचं तो म्हणायचा. लोकांनी पहिला अर्धा भाग उचलला.

'शेन'मध्ये तो नवख्या माणसाला भर दुकानात डिवचणारा गुंड आहे आणि पुढे त्याच गुंडाला उपरती होते. 'द वाइल्ड बंच'मध्ये बायकाबाटलीत रमणारा दरोडेखोर. प्रत्यक्षात या माणसाला पडद्यावरची शिवराळ भाषाही खपत नसे. 'द लास्ट पिक्चर शो'मधली सॅमची भूमिका त्याने आधी नाकारली ती त्यामुळेच, शिवाय संवाद फार म्हणून! दिग्दर्शक बोगदानोविचला फोर्डकरवी गळ घालावी लागली. सॅम कोण? टेक्ससमधल्या मरू घातलेल्या गावातला थिएटरमालक. तळ्याकाठी बसून तो एका पोरसवदा बाईची आठवण सांगतो: बायकोला वेड लागलेलं, मुलं वारलेली, त्यानंतरची ती गोष्ट. जॉन्सनला मूलबाळ नव्हतं. 1941 साली कॅरोलशी लग्न केलं ते ती 1994 मध्ये जाईपर्यंत टिकलं. ज्या माणसाने हे दुःख भोगलंच नाही, तो ते जुन्या जखमेवर बोट फिरवावं तसं सांगतो, आवाज न चढवता. याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला? सिनेमाभर तो जेमतेम दहा मिनिटं दिसतो. 1972 साली ऑस्कर मिळालं ते सहायक अभिनेत्याचं, आणि सोबत ब्रिटनचं बाफ्तासुद्धा.

त्या मजकुरातलं एकच मी मान्य करतो, घोड्यावर त्याला अभिनय करावा लागत नसे. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट यांच्या जागी घोड्यावर बसायला एके काळी त्यालाच बोलवायचे.