'जुना स्काउट' यांच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

सर, नमस्कार. सर म्हणतेय कारण तुम्हीच लिहिलंय की बावीस वर्षं शाळेत स्काउट मास्तर होतात, आणि स्काउटच्या सरांना दुसरं काही म्हणायची मला सवय नाही. उत्तराला आठवडा लागला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यातलं निम्मं पटलं, मग नेमकं काय लिहायचं तेच कळेना.

ज्यांनी माझी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा इथल्या एका स्काउट ट्रूपमध्ये, म्हणजे पथकात, आहे आणि मी तिथे असिस्टंट स्काउटमास्टर आहे. ट्रूपचा ऑक्टोबरचा कॅम्प दरवर्षी कोलंबस डेच्या (ऑक्टोबरातली सोमवारची सुट्टी) लाँग वीकेंडला असतो. २०२४ मध्ये त्यातला शनिवार आला १२ ऑक्टोबरला, त्याच दिवशी ज्यू लोकांचा योम किप्पूर आणि त्याच दिवशी आपला दसरा. ट्रूपने कॅम्प एक आठवडा पुढे ढकलला, मी खूश होऊन पोस्ट टाकली. त्यावर सरांनी लिहिलं की आमच्या वेळी सगळे एका रांगेत उभं राहून एकच प्रार्थना म्हणायचे, एकाच पातेल्यातलं खायचे, तू कोण कुठला कुणी विचारायचं नाही, त्याला एकी म्हणतात. तुम्ही पोरांना कप्प्यांत बसवताय, सण दरवर्षी येतो, कॅम्पला येताना धर्म घरी ठेवून यावं. शिवाय अमेरिकेत या इन्क्लूजनच्या, म्हणजे सगळ्यांना सामावून घ्यायच्या, नादात स्काउटिंग पार पातळ झालंय. आणि जाता जाता एक टोला, "गाठी तरी शिकवता का?"

आधी तारखेचं सांगते. दर ऑगस्टमध्ये पोरं वर्षभराचं कॅलेंडर लावतात, मोठ्यांनी फक्त मागे बसायचं असतं. बसायच्या आधीच काही तारखांवर फुली असते. ईस्टर, मदर्स डे, कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा, शाळेच्या बँडची स्पर्धा, आणि फेब्रुवारीतला सुपर बोलचा रविवार, म्हणजे फुटबॉलची मॅच टीव्हीवर बघायला मिळावी म्हणून कॅम्प नाही. या ट्रूपमध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याला आजवर कुणी लाड म्हटलेलं नाही, प्लॅनिंग म्हणतात. योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि आमच्या ट्रूपमध्ये चार ज्यू मुलं आहेत. आधी अशा वर्षी ज्यू मुलं काय करायची? गप घरी राहायची. मी जुन्या हजेऱ्या काढून बघितल्या म्हणून कळलं. दसऱ्याचं म्हणाल तर खरं सांगू, तो माझ्या मुद्द्यात नंतर घुसला. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, आम्ही कागदाची कापतो, ती रविवारी संध्याकाळी परत आल्यावरही वाटता आली असती. नुसत्या दसऱ्यासाठी मी तारीख बदला म्हणाले नसते. तो भाग मी पोस्टमध्ये जास्त फुगवला, ते तुम्ही बरोबर पकडलंत.

पण "धर्म घरी ठेवून या" हे स्काउटिंगमध्ये कधी होतं सर? स्काउटच्या वचनातच ईश्वराप्रती कर्तव्य आहे. इथल्या स्काउट लॉचं, म्हणजे स्काउटच्या नियमांचं, बारावं कलम आहे रेव्हरंट, म्हणजे श्रद्धाळू, आणि त्याचा अर्थ सांगताना दोन गोष्टी सांगतात, आपली धार्मिक कर्तव्यं पाळायची आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान ठेवायचा. मग पोराकडून दर सोमवारी तीन बोटं वर करून ते म्हणवून घ्यायचं आणि योम किप्पूरला म्हणायचं चल होडी वल्हव, हे कसं काय? मॉर्मन चर्चचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचं, उदाहरण घ्या. २०१९ संपेपर्यंत ते इथल्या बॉय स्काउट्सचे सगळ्यात मोठे पाठीराखे होते, हजारो ट्रूप त्यांचे. रविवार पाळायचा म्हणून त्यांची पोरं शनिवारी रात्रीच तंबू गुंडाळून घरी. शंभरेक वर्षं हे चाललं. कर्मठ ज्यू ट्रूप शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत स्वयंपाक उरकून ठेवतात, शनिवार त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस म्हणून काडीसुद्धा ओढत नाहीत, आणि तरी मजेत कॅम्प करतात. त्यांच्यामुळे स्काउटिंग पातळ झालं असं कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आता तुमच्या "कुणी विचारायचं नाही" वर येते, कारण मला खरं ते वाक्य लागलं होतं. मी पण गाईड होते सर, तिकडेच, आपल्याकडे. 'खरी कमाई'साठी, म्हणजे पोरांनी स्वतः काम करून पैसे कमवायच्या उपक्रमासाठी, दारोदार फिरून भडंग विकलंय, तृतीय सोपानपर्यंत (गाईडमधली एक पायरी) गेलेय. जानेवारी १९९७, मी नववीत, कॅम्प होता तीन दिवसांचा. रमजान चालू होता. आमच्या संघात एक मुस्लिम मुलगी होती, गाठी आणि प्रथमोपचार दोन्हीत आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. तिने बाईंना विचारलं की पहाटे मला काहीतरी खायला मिळेल का, मी डबा आणीन, फक्त उठून खाऊ द्या. बाई काही वाईट बोलल्या नाहीत हां, बाई म्हणाल्या, अगं कॅम्पात सगळ्यांना एकच नियम, तुला जमत नसेल तर पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी दहावी. ती काही आली नाही. आणि आम्ही संध्याकाळी रांगेत उभं राहून सर्वधर्म प्रार्थना म्हटली, अगदी सुरात, आणि एका पातेल्यातली खिचडी खाल्ली आणि मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. खटकायला वीस-पंचवीस वर्षं लागली, ते पण माझा मुलगा इथे हॉट डॉगच्या रांगेतून नुसता बन घेऊन परत आला तेव्हा. तुमच्या पथकातही असं झालं असेल असं मी म्हणत नाही. एवढंच की जी मुलं आलीच नाहीत त्यांना पातेलं एकच होतं की दोन, याने काय फरक पडला.

आणि गंमत म्हणजे आपल्याच भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या वचनात 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे. ती कुणीतरी विचार करूनच ठेवली ना? भारतात स्काउटिंग १९०९ ला बंगळुरात सुरू झालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी, आपल्या पोरांना प्रवेशच नव्हता. म्हणून १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट बाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, तिकडे अलाहाबादला मालवीयजी आणि हृदयनाथ कुंझरूंनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. हे सगळे तुकडे जुळून १९५० च्या नोव्हेंबरात आजची संघटना झाली. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, मी फक्त एवढ्यासाठी सांगतेय की ज्या एका रांगेचा तुम्हाला अभिमान आहे (मलाही आहे) ती रांग कुणीतरी भांडून मोठी करून घेतलेली आहे.

बरं, आता तुमचा पटलेला मुद्दा. कप्पे. अगदी खरं आहे आणि ते पाप माझंच आहे. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या उत्साहाने कॅम्पात व्हेज टेबल वेगळं मांडलं. वेगळी शेगडी, वेगळा तवा, कारण ट्रूपच्या कास्ट आयर्नच्या तव्यात बेकनची चरबी मुरलेली असते आणि तो साबणाने घासत नाहीत. झालं काय, शनिवार दुपारपर्यंत त्या टेबलाभोवती सगळी देशी पोरं आणि पलीकडे बाकीची. मुलं त्याला 'देसी टेबल' म्हणायला लागली. एक गुजराती जैन मुलगा जो नेहमी आपल्या पॅट्रोलमध्ये, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटात, रमलेला असायचा तो दोन दिवस माझ्या शेगडीपाशी. मला वाटत होतं मी केवढी सोय केली.

ते मोडलं आमच्या सिनियर पॅट्रोल लीडरने, म्हणजे सगळ्या पोरांच्या म्होरक्याने, वय वर्षं पंधरा. त्याने सरळ सांगितलं की प्रत्येक पॅट्रोल आपलं आपण शिजवणार, मुख्य भांड्यात सगळ्यांना चालेल तेच, मटण-चिकन ज्यांना हवं त्यांनी बाजूच्या भांड्यात करून वरून घ्यायचं. झालं. राजम्यासारखी चिली, भात, वरून ज्याला जे हवं ते. त्या जैन मुलाच्या पॅट्रोलमध्ये ग्रबमास्टरने, म्हणजे सामान आणणाऱ्या पोराने, कांदा वगळला आणि जेवण सूर्यास्ताच्या आत ठेवलं, ऑक्टोबरात इथे साडेसहाच्या आधीच सूर्य जातो. पोरं कुरकुरली. मग लक्षात आलं की यांची भांडी उजेडात घासून झाली, सामान अस्वलांपासून वाचवायच्या पेटीत गेलं (आमच्याकडे उत्तरेला काळी अस्वलं आहेत, खरंच), आणि बाकीची पॅट्रोलं रात्री नऊला कपाळावर टॉर्च बांधून गार पाण्यात पातेली खरवडतायत. पुढच्या कॅम्पला तीनही पॅट्रोलांनी जेवण लवकर ठेवलं. म्हणजे तुमचं एक पातेलं परत आलं सर, फक्त त्यात काय घालायचं ते आधी विचारून.

सगळं गोड झालं असंही नाही. मार्शमेलोत जिलेटिन असतं हे मला तेरा वर्षांच्या मुलाने सांगितलं, तोवर मी सगळ्यांना बिनधास्त वाटत होते. ऑक्टोबरचा कॅम्प पुढे ढकलला आणि त्या महिन्यात पावसाचा थेंब नाही, सगळीकडे वणव्याची भीती, शेकोटी झालीच नाही, पोरं एका कंदिलाभोवती बसून नाटुकली करत होती. त्यावरून दोन पालकांनी मला अजून ऐकवलंय.

आणि मार्चमधला घोटाळा तर ऐकाच. २०२५ मध्ये ७ ते ९ मार्च कॅम्प, रमजान चालू, आमच्यात एक मुलगा रोजे ठेवणारा. आई-वडिलांशी बोललो, डॉक्टरचा फॉर्म बघितला, त्याला सांगितलं हाईक नाही केलीस तरी चालेल, तर तो म्हणाला नकाशा माझ्याकडे द्या, मी पुढे चालतो. शनिवारी पहाटे चारला त्याच्याबरोबर तीन पोरं आपणहून उठली, शेगडी पेटवायला. बाहेर पाणी गोठलेलं. ही तीच पोरं ज्यांना सात वाजता उठवायला मला भांडी बडवावी लागतात. आता रविवारी, ९ तारखेला, इथे घड्याळं एक तास पुढे जातात. वेळापत्रकात सेहरीची, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याची, वेळ सहाच्या आसपास छापलेली, पोरांनी निवांत पाचचा गजर लावला, मनगटावरचं घड्याळ मात्र जुन्या वेळेवर, जंगलात फोनला रेंज नाही. उठली तेव्हा नवे सहा वाजले होते, उजाडायला लागलेलं. सेहरी गेली. मला धडधडायला लागलं, आता हा दिवसभर काय करणार. तो शांतपणे म्हणाला आँटी, इट्स फाइन, आणि जाऊन तंबू पाडायला लागला. ज्या पोराने गजर लावला होता त्याने मात्र त्या दिवशी नाश्ता केला नाही, मी दोनदा पॅनकेक पुढे केला तरी. तुम्ही म्हणता कॅम्प म्हणजे नखरे सोडायची जागा. मला यात नखरा कुठे दिसला नाही.

पातळ होण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. इथल्या बॉय स्काउट्समध्ये २०१३ मध्ये समलिंगी मुलांना घ्यायचं ठरलं, २०१५ मध्ये समलिंगी मोठ्या माणसांना, २०१९ पासून मुलींचे ट्रूप, २०२५ च्या फेब्रुवारीत नाव बदलून स्काउटिंग अमेरिका. तुम्ही याला नाद म्हणता. बायकांना स्काउटमास्टर व्हायची परवानगी इथे १९८८ ला मिळाली, त्याआधी मी आज जे करते ते करूच शकले नसते, डबे पोचवून पार्किंगमधून परत. तेव्हाही हेच म्हणत असतील की पातळ झालं. माझी तक्रार उलटी आहे. इथे अजूनही प्रवेशाच्या फॉर्मवर देव मानण्याबद्दलचं कलम आहे आणि नास्तिक मुलाला जागा नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून न मानणाऱ्यांसाठी वेगळं वचन आहे, त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. माझा नवरा काही मानत नाही, तो फॉर्मवर सही करत नाही म्हणून ट्रूपमध्ये त्याचं काम काय, तर ट्रेलर ओढणे. दहा वर्षांत त्याच्याइतका नेमाने कुणी आला नाही.

राहता राहिल्या गाठी. शिकवतो सर. रीफ नॉट सगळ्यांना येते, क्लोव्ह हिच बऱ्याच जणांना, बोलाइन निम्म्यांना येते आणि उरलेले निम्मे यूट्यूब बघून येते म्हणतात. लॅशिंगचा, म्हणजे दोरीने काठ्या एकमेकींना बांधायचा, मात्र आनंद आहे. गेल्या वेळी तीन काठ्यांची तिवई केली तिच्यावर पाण्याचा डबा ठेवला तर पाच मिनिटांत लोळली. तुम्ही कॉमेंटमध्ये ओघात लिहिलंय की तुमचं पथक काथ्याने बांबूचा मनोरा बांधायचं आणि त्यावर चार पोरं चढायची. काथ्या आधी भिजवून घ्यायचात का कोरडाच? इथे नायलॉनची दोरी देतात, ती सरकते. जमलं तर लिहा, एप्रिलच्या कॅम्पच्या आधी हवंय.